भ्रूणाचं फुफ्फुस आणि डीएनएची रचना: नवीन असाल तर कुठून सुरुवात करायची

हे दोन टॉपिक बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या विषयात शिकवतात, फुफ्फुस कसं तयार होतं ते एम्ब्रिऑलॉजीत (भ्रूणाच्या वाढीच्या शास्त्रात) आणि न्यूक्लिइक अ‍ॅसिडची, म्हणजे डीएनए-आरएनएची, रचना बायोकेमिस्ट्रीत, त्यामुळे मुलं दोन वेगळ्या वह्या करतात आणि दोन्हीकडे आठवडे, आकडे, नावं पाठ करत बसतात. माझं स्पष्ट मत आहे की हे दोन्ही एकत्र वाचावेत, आणि आधी डीएनए, मग फुफ्फुस. कारण फुफ्फुसाच्या पेशीला फुफ्फुस बनायचा निरोप मिळतो तो शेवटी डीएनएच्या खाचेत एखादं प्रोटीन जाऊन बसल्यावरच मिळतो, आणि ती खाच कशी असते हे डोळ्यासमोर नसेल तर पुढचं सगळं नुसती नावांची यादी वाटते.

लागणार काय, तर कोरे कागद, दोन रंगांची पेनं आणि दोन-तीन निवांत बैठका. मोबाइलवर व्हिडिओ बघून झाले असतील तरी चालेल, पण कागदावर हाताने काढल्याशिवाय हा विषय डोक्यात बसत नाही हे आधीच सांगतो.

पायरी १: एकच न्यूक्लिओटाइड, पण नीट

न्यूक्लिओटाइड म्हणजे डीएनएच्या साखळीचा एक मणी: एक शुगर, एक बेस आणि फॉस्फेट. एक पंचकोन काढा. ही शुगर. वरच्या टोकाला ऑक्सिजन लिहा आणि त्याच्या उजवीकडून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कार्बनना नंबर द्या, १ प्राइम, २ प्राइम, ३ प्राइम, ४ प्राइम, आणि ४ प्राइमला रिंगच्या बाहेर वर लटकलेला ५ प्राइम. प्राइम का लावायचं, तर बेसच्या रिंगमधल्या अणूंना पण स्वतःचे नंबर असतात, गोंधळ नको म्हणून शुगरचे नंबर प्राइमचे.

आता जोडा. १ प्राइमला बेस, ५ प्राइमला फॉस्फेट, ३ प्राइमला ओएच. आणि २ प्राइमला काय आहे ते बघायचं, तिथे नुसता हायड्रोजन असेल तर डीएनए, ओएच असेल तर आरएनए. एवढासा फरक, पण आरएनए अल्कलीत टाकला की तुटतो तो याच ओएचमुळे, तो शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करतो आणि साखळी तिथेच तुटते. डीएनएकडे तो ओएचच नाही म्हणून तो टिकतो. पिढ्यान् पिढ्या माहिती सांभाळायचं काम डीएनएकडे आणि थोडा वेळ वापरून मोडायच्या प्रती आरएनएच्या, यामागे ही केमिस्ट्री आहे.

बेस पाच. अ‍ॅडेनिन आणि ग्वानिन दोन रिंगवाले, ते प्युरिन. सायटोसिन, थायमिन आणि युरासिल एका रिंगचे, ते पिरिमिडिन. थायमिन डीएनएत, युरासिल आरएनएत. इथे एक चांगला प्रश्न येतो की डीएनएने युरासिलच का नाही वापरला. सायटोसिनमधला अमिनो ग्रुप अधूनमधून आपोआप गळतो आणि त्याचा युरासिल होतो, डीएनएत मुळातच युरासिल असता तर रिपेअर करणाऱ्या एन्झाइमला खरा कोणता आणि बिघडलेला कोणता हे कळलंच नसतं, थायमिन असल्यामुळे डीएनएत दिसलेला युरासिल म्हणजे सरळ चूक, काढून टाका.

पायरी २: साखळी जोडा आणि दिशा लिहायची सवय लावा

एका न्यूक्लिओटाइडचा ३ प्राइम ओएच पुढच्याच्या ५ प्राइम फॉस्फेटला जोडला की झाला फॉस्फोडायएस्टर बाँड. म्हणून साखळीला एक ५ प्राइम टोक असतं आणि एक ३ प्राइम टोक, आणि सिक्वेन्स, म्हणजे बेसचा क्रम, कायम ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे वाचायचा. समोरची साखळी उलट दिशेने जाते, अँटीपॅरलल. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि तरी समोरची साखळी लिहायला सांगितली की दिशा चुकते, म्हणून लगेच करून बघा.

कागदावर डावीकडे ५ प्राइम लिहून हा सिक्वेन्स लिहा (ए, जी, सी, टी ही बेसच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं): ए जी ए ए सी ए, आणि उजवीकडे ३ प्राइम. खाली जोडीदार: ए समोर टी, जी समोर सी. खाली येईल टी सी टी टी जी टी, पण याच्या डाव्या टोकाला ३ प्राइम आहे, म्हणजे ही साखळी नियमाप्रमाणे वाचायची तर उजवीकडून वाचायला हवी. वाचा. टी जी टी टी सी टी. हा सहा अक्षरांचा कागद फेकू नका, पायरी ६ ला परत लागणार आहे.

आता हायड्रोजन बाँड मोजा. ए-टी मध्ये दोन, जी-सी मध्ये तीन. वरच्या तुकड्यात चार ए-टी जोड्या आणि दोन जी-सी, म्हणजे आठ अधिक सहा, चौदा. जी-सी जास्त असलेला डीएनए वितळायला जास्त तापमान लागतं हे बरोबर आहे, पण दोन साखळ्या एकत्र राहतात त्या फक्त हायड्रोजन बाँडमुळे असं समजू नका, बेस एकावर एक रचले जातात त्या स्टॅकिंगचा वाटा खूप मोठा आहे, आणि पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असतं.

पायरी ३: हेलिक्सची मापं, आणि एक गणित

फ्रिडरिख मीशर याने १८६९ मध्ये पू लागलेल्या बँडेजमधल्या पांढऱ्या पेशींपासून एक पदार्थ वेगळा केला, त्याला न्यूक्लिन म्हटलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. १९४४ मध्ये ऑस्वल्ड अ‍ॅव्हरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बॅक्टेरियाचे गुण बदलणारा पदार्थ डीएनए आहे. शारगॅफने दाखवलं की ए आणि टी चं प्रमाण सारखं, जी आणि सी चं सारखं. रोझलिंड फ्रँकलिन आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी १९५२ मध्ये एक्स-रेचा तो प्रसिद्ध फोटो ५१ काढला, ज्यात मधोमध फुलीसारखा आकार दिसतो आणि तो हेलिक्सची, म्हणजे पिळाची, खूण असतो. डीएनए दोन साखळ्यांचा पीळ आहे हे मांडणारा वॉटसन आणि क्रिक यांचा पेपर २५ एप्रिल १९५३ चा. नोबेल १९६२ ला वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं, फ्रँकलिन १९५८ मध्येच गेली होती. तिचं नाव या यादीत पूर्ण वजनाने घ्यायलाच हवं.

मापं एवढीच लक्षात ठेवा: नेहमीचा डीएनए म्हणजे बी फॉर्म, उजव्या हाताचा पीळ, रुंदी साधारण २ नॅनोमीटर, एका जोडीची उंची ०.३४ नॅनोमीटर, आणि एका वेढ्यात सुमारे १०.५ जोड्या. रुंदी सगळीकडे सारखी का राहते, तर प्रत्येक पायरीवर एक प्युरिन आणि एक पिरिमिडिन, म्हणजे कायम तीनच रिंगची रुंदी.

गणित करा. माणसाच्या एका साध्या पेशीत जवळपास ६४० कोटी बेसच्या जोड्या. गुणिले ०.३४ नॅनोमीटर. उत्तर येतं दोन मीटरच्या थोडं वर. हा धागा काही मायक्रोमीटरच्या न्यूक्लियसमध्ये बसवायचा, म्हणून तो हिस्टोन प्रोटीनच्या आठच्या गठ्ठ्याभोवती गुंडाळलेला असतो, एका गठ्ठ्याला १४७ जोड्या, याला न्यूक्लिओसोम म्हणतात. गुंडाळलेला भाग सहज वाचता येत नाही, म्हणून कुठल्या पेशीत कुठला भाग उघडा हे महत्त्वाचं. फुफ्फुसाची पेशी आणि हाडाची पेशी यांचा डीएनए एकच, उघडा भाग वेगळा.

आणि आता खाचा. दोन्ही शुगर बेसच्या जोडीला अगदी समोरासमोर जोडलेल्या नसतात, एका बाजूला झुकलेल्या असतात, त्यामुळे हेलिक्सच्या बाहेर एक रुंद खाच आणि एक अरुंद खाच तयार होते, मेजर ग्रूव्ह आणि मायनर ग्रूव्ह. मेजर ग्रूव्हमधून बेसच्या कडा दिसतात, म्हणजे एखादं प्रोटीन दोन साखळ्या न उघडता बाहेरूनच ओळखू शकतं की इथे ए-टी आहे की जी-सी. या आख्ख्या पायरीतली सर्वात कामाची गोष्ट हीच आहे.

आरएनएबद्दल थोडक्यात: बहुतेक वेळा एकच साखळी, पण ती स्वतःवरच दुमडते आणि जिथे जोड्या जुळतात तिथे छोटे हेलिक्स करते, ते ए फॉर्मचे, म्हणजे बी फॉर्मपेक्षा जरा जाड पिळाचे. टीआरएनएचं (प्रोटीन बनताना अमिनो अ‍ॅसिड आणून देणारा आरएनए) चित्र कागदावर तीन पानांचं दिसतं, प्रत्यक्षात तो एल अक्षराच्या आकारात दुमडलेला असतो.

पायरी ४: फुफ्फुसाकडे वळा, पण आधी आठवडे कुठून मोजले ते बघा

एम्ब्रिऑलॉजीचं पुस्तक गर्भधारणा झाल्या दिवसापासून मोजतं, आणि डॉक्टर शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. दोन आठवड्यांचा फरक पडतो. वॉर्डात २४ आठवड्यांचं बाळ म्हटलं तर पुस्तकाच्या हिशोबाने ते २२ आठवड्यांचं. वहीच्या प्रत्येक पानावर वर लिहा की इथले आठवडे कुठले आहेत. मी पुढे पुस्तकाचेच वापरतोय.

चौथ्या आठवड्यात भ्रूणाच्या फोरगटच्या, म्हणजे पुढच्या आतड्याच्या नळीच्या, समोरच्या भिंतीतून एक छोटा अंकुर बाहेर येतो. हे श्वसनमार्गाचं पहिलं रूप. ही जागा ठरते कशी, तर आजूबाजूच्या मेसोडर्मकडून (भ्रूणाच्या मधल्या थराकडून) डब्ल्यूएनटी नावाच्या प्रोटीनचे सिग्नल येतात आणि नळीच्या समोरच्या बाजूच्या एन्डोडर्म (आतल्या थराच्या) पेशींत एनकेएक्स२-१ नावाचं प्रोटीन तयार व्हायला लागतं. पेशी श्वसनमार्गाची होणार हे सांगणारी ही सर्वात लवकरची खूण. हे प्रोटीन डीएनएच्या मेजर ग्रूव्हमध्ये आपली एक हेलिक्स (प्रोटीनचा स्वतःचा पिळदार भाग) घालून बसतं, पायरी ३ मधली खाच आठवा.

आता उभं चित्र काढा. मागे अन्ननलिका, पुढे अंकुर, आणि दोन्हींच्या मध्ये बाजूने आत येणाऱ्या दोन घड्या, ज्या जुळून मधला पडदा होतो आणि श्वासनलिका वेगळी होते. वर स्वरयंत्राच्या जागी मात्र दोन्ही जोडलेल्याच राहतात. हा पडदा नीट झाला नाही तर अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक राहतं. सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकारात अन्ननलिकेचा वरचा भाग बंद थैलीत संपतो आणि खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला असतो. चित्र समोर ठेवलं तर लक्षणं पाठ करावी लागत नाहीत: बाळ पोटात असताना गर्भजल गिळू शकत नाही म्हणून पाणी वाढतं, जन्मल्यावर दूध वरच्या थैलीत साठतं म्हणून ठसका लागतो, आणि हवा खालच्या जोडातून पोटात जाते म्हणून पोट फुगतं.

कुठला भाग कशापासून हे एकदाच लिहून ठेवा. आतलं अस्तर आणि ग्रंथी एन्डोडर्मच्या, कूर्चा, स्नायू, कनेक्टिव्ह टिश्यू हे भोवतालच्या मेसोडर्मचं.

पायरी ५: फांद्या फुटणं आणि टप्पे

पाचव्या आठवड्यात अंकुराचे दोन भाग होतात, उजवा आणि डावा. मग उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन, पुढे हेच फुफ्फुसाचे लोब. अशा फांद्या फुटत फुटत मोठेपणी साधारण २३ पिढ्यांपर्यंत जातात.

फांदी फुटते कशी हे मात्र थांबून वाचा. टोकाजवळचं मेसेन्काइम (मेसोडर्मच्या सैल पेशींचा भाग) एफजीएफ१० हे वाढीचं प्रोटीन सोडतं, अस्तराच्या पेशींवर त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला धरणारं प्रोटीन, असतो, आणि टोक त्या दिशेला वाढतं. टोक जवळ आलं की टोकाच्या पेशी एसएचएच नावाचं दुसरं सिग्नल प्रोटीन सोडतात, ते समोरचं एफजीएफ१० कमी करतं, मग एफजीएफ१० दोन बाजूंना उरतं आणि टोक दुभंगून दोन्हीकडे जातं. मग पुन्हा तेच. १९९८ मध्ये एफजीएफ१० चं जीन काढलेले उंदीर तयार केले, त्यांच्यात श्वासनलिका झाली पण तिच्या खाली फुफ्फुसच नाही. त्याच्याही आधी, १९६२ मध्ये उंदराच्या भ्रूणाच्या श्वासनलिकेवरचं मेसेन्काइम काढून तिथे फुफ्फुसाचं मेसेन्काइम लावून बघितलं, तर एरवी कधीच फांदी न फुटणाऱ्या जागेवर अंकुर फुटला. म्हणजे अस्तराला कुठे फुटायचं हे शेजारी सांगतो. मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटलेला प्रयोग हाच.

टप्पे पाठ करताना एकच प्रश्न विचारा: या क्षणी हवेतला ऑक्सिजन रक्तापर्यंत पोचेल का?

साधारण ५ ते १६ आठवडे, स्यूडोग्लँड्युलर टप्पा. मायक्रोस्कोपखाली ग्रंथीसारखं दिसतं, टर्मिनल ब्राँकिओलपर्यंतच्या (हवा नुसती वाहून नेणाऱ्या शेवटच्या बारीक नळ्यांपर्यंतच्या) सगळ्या फांद्या तयार होतात, पण पुढे हवा आणि रक्त भेटायची जागाच नाही. उत्तर नाही.

१६ ते २६, कॅनालिक्युलर. रेस्पिरेटरी ब्राँकिओल (हवा-रक्ताची देवाणघेवाण करू शकणाऱ्या नळ्या) येतात, केशवाहिन्या अस्तराजवळ सरकतात, अस्तर पातळ व्हायला लागतं, टप्प्याच्या शेवटाकडे काही ठिकाणी टाइप १ आणि टाइप २ पेशी ओळखू येतात. उत्तर जेमतेम, आणि तेही शेवटी शेवटी, म्हणून खूप लवकर जन्मलेल्या बाळांची जगण्याची मर्यादा इथेच कुठेतरी पडते.

२६ पासून जन्मापर्यंत सॅक्युलर टप्पा, पातळ भिंतींच्या पिशव्या, भिंतीला चिकटून केशवाहिन्या, टाइप १ पेशी चपट्या आणि टाइप २ पेशी सर्फॅक्टंट (पिशव्या मिटू न देणारा पदार्थ, पायरी ६ मध्ये येईल) करणाऱ्या. उत्तर हो, जर सर्फॅक्टंट पुरेसं असेल तर. आणि शेवटचा अल्व्हिओलर टप्पा जन्माआधी थोडा सुरू होऊन लहानपणी बरीच वर्षं चालतो, नवीन पडदे उठून पिशव्यांचे खरे अल्व्हिओलाय, म्हणजे हवेचे सूक्ष्म कप्पे, होतात. बहुतेक अल्व्हिओलाय जन्मानंतरच होतात, मोठेपणी त्यांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात जाते. टप्प्यांच्या सीमा पुस्तकागणिक एक-दोन आठवडे इकडेतिकडे असतात, शिवाय फुफ्फुसाचा वरचा भाग खालच्यापेक्षा पुढे असतो, त्यावरून वाद घालू नका.

आणखी एक. गर्भात फुफ्फुस रिकामं नसतं, ते स्वतःच क्लोराइड आत सोडून त्यामागे पाणी ओढतं आणि त्या पाण्याने ताणलेलं राहतं. हा ताण वाढीला लागतो. गर्भजल फार कमी असेल किंवा डायफ्रॅमच्या भोकातून आतडी छातीत आली तर जागा मिळत नाही आणि फुफ्फुस लहान राहतं. प्रसूतीच्या वेळी अस्तर उलटं काम सुरू करतं, सोडियम चॅनेलमधून सोडियम आत घेतं आणि पाणी शोषलं जातं.

पायरी ६: सर्फॅक्टंट, आणि तो सहा अक्षरांचा कागद

पिशवीच्या आत पाण्याचा थर असतो आणि त्याचा पृष्ठताण पिशवी मिटवायला बघतो. दाब म्हणजे दोन गुणिले ताण भागिले त्रिज्या, म्हणजे पिशवी जितकी लहान तितका मिटायचा जोर जास्त. सर्फॅक्टंट हा ताण खाली आणतं. ते मुख्यतः लिपिडचं, त्यात सर्वात महत्त्वाचं डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन, आणि सोबत ए, बी, सी, डी अशी चार प्रोटीन. टाइप २ पेशीत ते थरथरांच्या लॅमेलर बॉडीत साठवलेलं असतं.

१९५९ मध्ये मेरी एलन अ‍ॅव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की अपुऱ्या दिवसांची जी बाळं श्वासाच्या त्रासाने जातात त्यांच्या फुफ्फुसात हा ताण कमी करणारा पदार्थ कमी पडतो. पायरी ३ मधला अ‍ॅव्हरी वेगळा, ही अ‍ॅव्हरी वेगळी. पुढे न्यूझीलंडमध्ये लिगिन्सला मेंढ्यांवर काम करताना दिसलं की स्टिरॉइड मिळालेली अपुऱ्या दिवसांची कोकरं अपेक्षेपेक्षा बरा श्वास घेतायत, आणि १९७२ मध्ये लिगिन्स आणि हाउई यांनी गर्भवती स्त्रियांना बीटामेथासोन देऊन केलेला अभ्यास छापला. आजही लवकर प्रसूती होणार असं दिसलं तर आईला बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन देतात. प्रेडनिसोलोन का नाही, तर प्लासेंटा त्याचा बराचसा भाग निष्क्रिय करून टाकते.

हे स्टिरॉइड फुफ्फुसात काय करतं? पेशीत जाऊन आपल्या रिसेप्टरला धरतं, रिसेप्टर न्यूक्लियसमध्ये जातो आणि जोडीने डीएनएवर एका ठराविक सिक्वेन्सवर बसतो. तो आदर्श सिक्वेन्स असा: ए जी ए ए सी ए, मग कुठलीही तीन अक्षरं, मग टी जी टी टी सी टी. काढा तो कागद. दुसरा अर्धा भाग म्हणजे पहिल्याचीच समोरची साखळी, ५ प्राइमकडून वाचलेली. म्हणजे दोन्ही साखळ्यांवर ५ प्राइमकडून वाचलं तर तीच सहा अक्षरं मिळतात, म्हणून दोन सारखे रिसेप्टर एकमेकांकडे तोंड करून शेजारी शेजारी बसू शकतात, दोघंही मेजर ग्रूव्हमध्ये. अँटीपॅरलल ही कागदावरची अट इथे प्रत्यक्ष कामाला येते. अशा ठिकाणी बसून तो रिसेप्टर जवळच्या जीनचं काम वाढवतो किंवा कमी करतो, आणि त्यातून टाइप २ पेशी लवकर तयार होतात, भिंती पातळ होतात.

पायरी ७: समजलं का ते तपासा

पुस्तक मिटून हा एक प्रश्न सोडवा. बाळ पूर्ण दिवसांचं आहे, आठवडे बरोबर, छातीत जागा पुरेशी, फांद्या व्यवस्थित, तरी जन्मल्यावर काही तासांत श्वास लागतो आणि बाहेरून दिलेलं सर्फॅक्टंट थोडा वेळच उपयोगी पडतं. तपासणीत सर्फॅक्टंट प्रोटीन बीच्या जीनमध्ये, कोडॉन १२१ पाशी (कोडॉन म्हणजे तीन अक्षरांचा एक शब्द), दोन्ही प्रतींत एका सी च्या जागी जी ए ए सापडतं. आईवडील दोघंही ठणठणीत. का?

एक अक्षर गेलं, तीन आली, म्हणजे दोन जास्त. कोडॉन तीन-तीनने वाचतात, दोनने सरकलं की तिथून पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि लवकरच थांबायचा कोडॉन येतो, प्रोटीन बी तयारच होत नाही. ते नसलं की लॅमेलर बॉडी नीट बनत नाहीत आणि लिपिड पृष्ठभागावर पसरत नाहीत. आईवडिलांकडे प्रत्येकी एक चांगली प्रत आहे, तेवढी पुरते. बाहेरून दिलेलं सर्फॅक्टंट वापरून संपतं आणि बाळाच्या टाइप २ पेशी त्याची भरपाई करू शकत नाहीत. हे उत्तर तुम्ही कागदावर चित्रासकट, न अडखळता लिहू शकलात तर पुढचा चॅप्टर उघडा, आणि अडलात तर कुठल्या वाक्याला अडलात ते बघून फक्त तेवढीच पायरी पुन्हा करा.